हरला तो घोडा आईचा

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट आता पक्की झाली आहे. माझ्या धाकट्या भावाच्या घरातलं सोनं गेलं ते आईच्या रेसच्या नादापायी. लग्नात, बारशात, कुणाच्या दहाव्याला चार बायका जमल्या की कुणीतरी हळूच विचारतंच, "आई अजून ते घोड्यांचं बघतात का हो?" मी सरळ सांगते, हो, बघते. मग समोरची बाई अशी काही मान हलवते की तिच्या हातातला चहा तिच्याच अंगावर ओतावासा वाटतो.

म्हणून हे लिहायला घेतलं. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. जमेलसं वाटत नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. कांदा-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहायचे. मूळचे साताऱ्याकडचे. गावाकडे बैलांच्या शर्यतींचं वेड होतं, इथे आल्यावर ते घोड्यांवर गेलं. सीझन चालू झाला की रविवारी ते आणि बाजारातले दोघे-तिघे मित्र महालक्ष्मीच्या रेसकोर्सला जायचे. आप्पा थोडंच खेळायचे. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही. जास्त खेळायला त्यांच्याकडे होतं कुठे? पण नाद होता, आणि सोमवारी बाजारात त्याच्या गप्पा मारायची हौस त्याहून मोठी होती.

रेसचं पुस्तक यायचं इंग्रजीत. कोणत्या शर्यतीत कोणते घोडे, मागच्या खेपांना कितवे आले, किती अंतर पळाले, पाठीवर किती वजन होतं, जॉकी कोण, असं सगळं त्यात बारीक टायपात असतं. आप्पांना आकडे कळायचे, अक्षरं लागायची नाहीत. आई मॅट्रिकपर्यंत शिकलेली. त्यामुळे शनिवारी दुपारी कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत आप्पा भिंतीला टेकून बसायचे आणि आई वाटाणे सोलता सोलता त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. आधी नुसती वाचायची. मग वाचता वाचता थांबायला लागली.

"हा नाही यायचा," ती म्हणायची.

"का? मागल्या खेपेला पहिला आलाय."

"म्हणूनच. आता वजन वाढवलंय बघा त्याचं."

हे वजनाचं प्रकरण मला आईनेच समजावलं होतं. जो घोडा जिंकतो त्याच्यावर पुढच्या वेळी जास्त वजन चढवतात, खोगिरात शिसं घालून. जो हरत राहतो त्याचं वजन हळूहळू उतरवतात. सगळ्यांना सारखी संधी मिळावी, कोण जिंकेल ते कुणाला छातीठोक सांगता येऊ नये, असा त्यामागचा हेतू. कुणावर किती वजन ते ठरवायला एक अधिकारी नेमलेला असतो.

"म्हणजे तो माणूस सगळ्यांना एका रेषेत आणायला बसलाय," आई मला म्हणाली होती, "आणि आपण त्याचं कुठं चुकलं ते हुडकायचं."

हे म्हणताना तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी एरवी फार कमी पाहिलं आहे. आयुष्यभर तिला कुणी काही हुडकायला सांगितलंच नव्हतं. भाकऱ्या थापायला सांगितल्या होत्या.

तिची पद्धत आप्पांच्या बरोबर उलट. आप्पा जिंकलेल्या घोड्यांची नावं पाठ करायचे, ती हरलेल्यांकडे आधी बघायची. "जिंकलेल्याकडे सगळेच बघतात. हरलेला का हरला ते बघ." एखादा घोडा आखूड पल्ल्याला पळवला म्हणून हरलेला असतो, शेवटी शेवटी त्याला वेग आलेला असतो आणि तेवढ्यात शर्यत संपलेली असते. एखाद्याला आतली जागा मिळालेली असते आणि तो पुढच्यांच्या गर्दीत अडकून राहतो. अशा घोड्याचं वजन उतरलं आणि पल्ला लांबला की आई त्याच्या नावापुढे पेन्सिलीने एक टिंब द्यायची.

पण टिंब दिलं म्हणजे पैसे लावायचे, असंही नाही. आधी ती मनाशी ठरवायची की ह्या घोड्याला काय भाव शोभेल. म्हणजे एका रुपयाला किती मिळाले तर घ्यायचा. रेसकोर्सवरच्या फळ्यावर त्याहून कमी भाव लागला तर सोडून द्यायचा.

आप्पा चिडायचे. "अगं पण येणार म्हणतेस ना? मग सोडायचा कशाला?"

"तुम्ही बाजारात काम करता आणि मला विचारता? टोमॅटो चांगला आहे म्हणून काय वाटेल त्या भावाला घ्यायचा का?"

आणि सहा-सात शर्यतींतल्या बहुतेक ती सोडूनच द्यायला सांगायची. आप्पांना हे मुळीच पटायचं नाही. एवढं महालक्ष्मीपर्यंत जायचं आणि हात बांधून बसायचं?

आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला त्या वर्षी त्यांनी तिला एकदा रेसकोर्सवर नेलं, फळ्यावरचे आकडे वाचायला कुणी नको का म्हणून. मीही गेले होते. आईने इस्त्रीची साडी नेसली होती आणि पिशवीत दशम्या घेतल्या होत्या. शर्यतीच्या आधी घोडे एका गोल आवारात फिरवतात, कठड्यापाशी लोक उभे राहून बघतात. आप्पांना धूसर दिसत होतं तरी एका काळ्या घोड्यावर त्यांची नजर बसली.

"बघ कसा चमकतोय! ह्याच्यापुढं कोण टिकतंय."

"चमकतोय," आई म्हणाली, "पण वजन चढलंय आणि आज पल्ला लांब आहे. भाव बघा, काहीच मिळत नाहीये. ती तपकिरी घोडी बघा त्यापेक्षा."

त्या घोडीकडे कुणीही बघत नव्हतं. आप्पांनी काळ्यावर लावले. आईने मला सांगून घोडीचं एक लहान तिकीट काढायला लावलं. शेवटच्या वळणानंतर घोडी अशी काही सुटली की आई कठड्याला धरून उभी राहिली, तिच्या डोक्यावरचा पदर पडला, आणि ती गावाकडच्या आवाजात ओरडायला लागली. मी तिला तसं ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. घोडी दुसरी आली. काळा मानभर पुढे राहून जिंकला.

आप्पा परतीच्या वाटेवर सारखे हसत होते. "काय गं, पुस्तकवाली!"

"एकदा आला म्हणजे बरोबर होता असं नाही," आई शांतपणे म्हणाली. "ह्याच भावाला असेच घोडे घेत राहा, मग कळेल."

सोमवारी आप्पांनी बाजारात सगळ्यांना सांगितलं की बायकोने घोडीच्या नादाला लावलं होतं, पण आपण ऐकलं नाही. त्याआधी कितीतरी वेळा आईने टिंब दिलेला घोडा आला होता, तेव्हा बाजारात त्यांनी काय सांगितलं असेल? 'माझा घोडा आला.' आमच्या घरात हे असंच चालायचं. जिंकला तो घोडा आप्पांचा, हरला तो आईचा. मला तेव्हाही राग यायचा. आई म्हणायची, बोलू दे गं, त्यांचं तेवढंच सुख.

आप्पा गेले ते अचानक. कावीळ झाली आणि आठवडाभरात संपलं. तेरावं झाल्यावर भाऊ आईला करंजाड्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. भाऊ माझ्याहून लहान. फ्लॅट विकून देण्याचा धंदा करतो. बोलण्यात एकदम गोड आणि तयार. एअरपोर्टचं नाव घेऊन करंजाडे-उलव्याची घरं अशी विकतो की घेणाऱ्याला वाटावं, विमान आपल्याच गॅलरीत उतरणार आहे. मी स्वतः उलव्यात राहते, द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात ऑफिसला आहे, त्यामुळे त्या विमानांचं सुख मला ठाऊक आहे.

करंजाड्याला गेल्यावर पहिल्याच महिन्यात रेसच्या पुस्तकावरून भांडण झालं. आईने पेपरवाल्याला सांगून ते मागवलं होतं. ते दारात पडलेलं शेजारणीने बघितलं.

"आई, आता हे बंद," भाऊ म्हणाला. "आप्पा होते तोवर ठीक होतं. आता तू एकटी बाईमाणूस, सोसायटीत काय म्हणतील? खाली क्लबहाऊसमध्ये भजन असतं, तिकडे जात जा."

आई भजनाला जायला लागली. मला फोनवर म्हणाली, "टाळ चांगला वाजवते मी, सगळ्या म्हणतात."

इथे एक गोष्ट ठळक लिहायची आहे. आप्पा गेल्यावर आईने घोड्यावर एक रुपयाही लावलेला नव्हता. कुठून लावणार? तिला पुस्तक हवं होतं ते डोकं चालवायला. शनिवारी टिंब द्यायचं, सोमवारी निकाल बघायचा, आपलं कुठे चुकलं ते शोधायचं, बस्स. बाकीच्या बायका शब्दकोडी सोडवतात, त्यांना कुणी भजनाला पाठवत नाही.

मग एकदा काय झालं, भाऊ शनिवारी घरी होता. सहज म्हणून, चेष्टेने त्याने विचारलं, "काय आई, उद्या कोण येणार?" तिने पुस्तक मागितलं. त्याने आणून दिलं. ती बराच वेळ बघत बसली आणि एकच नाव सांगितलं, भावासकट. रविवारी तो घोडा आला.

त्यानंतर पुस्तक भाऊ स्वतः आणायला लागला. सोसायटी, शेजारीण, एकटी बाईमाणूस, सगळं विसरला. शनिवारी जेवणं झाली की आईच्या खोलीचं दार लावून दोघं बसायचे. मी एकदा गेले तेव्हा आई पलंगावर मांडी घालून त्याला समजावत होती आणि तो विद्यार्थ्यासारखा खाली बसला होता. मला ते बघून बरं वाटलं होतं. वाटलं, घरात कुणीतरी तिचं ऐकतंय.

पण तो ऐकत नव्हताच. त्याला नाव हवं होतं. का, ते नको होतं.

"आई, आज सहा रेस आहेत. सहा घोडे सांग ना."

"सहा नसतात रे. एखादा असतो. काही वेळा तोही नसतो."

"तुला येतंय ना सगळं? मग?"

"येतंय कुठलं? मी जास्त वेळा चुकतेच. म्हणून तर भाव बघायचा. चुकलं तरी एखादा आला की भरून निघतं. आणि हरलास की लगेच पुढच्या रेसला दुप्पट लावायचं नाही."

हे सगळं ती मला फोनवर सांगायची. आणि म्हणायची, "तो हुशार आहे, पण त्याला दम नाही गं."

तो रेसकोर्सवर जातच नव्हता. फोनवरचा एक बुकी धरला होता, उधारीवर घेणारा. आईने एक घोडा सांगितला की हा उरलेल्या पाच शर्यतींत स्वतःच्या मनाने लावायचा. आईने अमुक भावाखाली घेऊ नकोस म्हटलं की हा कुठल्याही भावाला घ्यायचा. मित्रांना सांगायचा, आपली सिस्टीम आहे, टेन्शन नाही. हो, 'आपली' सिस्टीम! काही आठवडे बरे गेले. वहिनीला फिरायला नेलं, नवीन टीव्ही आला. त्या टीव्हीवर आई भजनं बघायची.

मग ओळीने हरायला लागला. सीझनच्या शेवटाकडच्या एका शनिवारी आईचा मला फोन आला. "उद्याचं सगळं पुस्तक बघितलं. एकही घेण्यासारखा नाही. त्याला म्हटलं, उद्या हात लावू नकोस. तर माझ्यावरच चिडला. म्हणाला, तुला आता जमत नाही, वय झालं." तिचा आवाज दुखावलेला होता. म्हणून तो फोन माझ्या चांगला लक्षात आहे.

त्या रविवारी त्याने आधीचं सगळं भरून काढायला एकाच फेवरिटवर लावलं. फेवरिट म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांचे पैसे असतात तो. घोडा कितवा आला ते मला माहीत नाही, जाणून घ्यायचंही नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनीने कुणाच्यातरी लग्नासाठी कपाट उघडलं. मंगळसूत्र गळ्यात होतं तेवढं राहिलं, बाकी डबा रिकामा. बुकीचं देणं भागवायला भावाने सोनं मोडलं होतं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा भाऊ काय म्हणाला असेल?

"आईने सांगितलेला घोडा होता. मी काय करू?"

आई शेजारच्या खोलीत होती. तिने हे ऐकलं.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच आप्पांचं वर्षश्राद्ध आलं. करंजाड्याच्या फ्लॅटवर सगळे जमले. गावाहून काका आले, आप्पांच्या पाठचे. आप्पांमागे घरातले मोठे आता तेच. आत्या आली, चुलत भाऊ आले. जेवणं होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. पण बातमी गावापर्यंत पोचलेली होती, ते वाढतानाच कळत होतं. बायका आईच्या हातून भात घेताना तिच्याकडे बघत नव्हत्या.

जेवणानंतर काकांनी हाक मारली. "वैनी, जरा भाईर या."

आई पदराला हात पुसत येऊन दारापाशी उभी राहिली.

"मी धाकटा हाय, मी बोलू नये," काका म्हणाले, "पन दादाला जाऊन आत्ता कुटं वरीस झालं आन् तुमी घोडं खेळताय? खेळताय ते खेळताय, पोराला बी नादाला लावलं? बायकामानसाला हे शोभतं का?"

मी कोपऱ्यात ताटं गोळा करत होते. तशीच उठले. "काका, आईने एक पैसा लावलेला नाही. लावले ते ह्याने. विचारा ह्याला."

भाऊ सोफ्यावर मोबाईलमध्ये बघत होता. वर न बघता म्हणाला, "ताई, आज श्राद्ध आहे. कशाला उकरून काढतेस? आईलाही वाईट वाटतंय."

"आईला कशाचं वाईट वाटतंय? तिने काय केलंय?"

"घोडा कुणी सांगितला होता?" आता त्याने मान वर केली. "त्या रविवारचा घोडा आईनेच सांगितला होता. खरं ते बोललो की तुला राग येतो."

इतका सरळ खोटं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. "आईने एकाही घोड्याला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं तुला! शनिवारी माझ्याशी बोलली आहे ती. आई, सांग ना. सांग सगळ्यांना."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोळे सुजलेले. आईने एकदा तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे.

"मीच सांगितला होता," आई म्हणाली. "चुकलं माझं."

काका म्हणाले, "बघा. झालं मग." आणि त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.

त्या क्षणी मला भावाचा जेवढा राग आला त्याहून जास्त आईचा आला. हातातली ताटं मी मोरीत अशी टाकली की एक फुटलं. आईच्या खोलीत गेले, तिच्या चार साड्या, औषधं आणि चष्मा पिशवीत भरला, आणि नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ. आई नको नको म्हणत होती. मी तिचं ऐकलं नाही. भाऊ दारापर्यंतही आला नाही.

उलव्याला पोचलो. घरात शिरल्या शिरल्या तिच्यावर ओरडले. "का खोटं बोललीस? मला सगळ्यांसमोर खोटी पाडलीस!"

ती खुर्चीत बसली, गुडघा चोळत. "त्याची बायको माहेरी गेली असती गं. आईचा दोष म्हटलं की नवऱ्यावरचा राग कमी होतो. त्याचा संसार मोडला असता. माझा काय मोडायचाय आता?"

"हेच! हेच सगळ्यांना ठाऊक असतं, तू हे असंच म्हणणार. म्हणून तुझ्यावर टाकतात!"

"असू दे."

"नाही असू देणार मी."

मी आत जाऊन आरशासमोर उभी राहून रडले, रागाने. दुःख वगैरे काही नव्हतं त्यात.

माझ्याकडे ती हळूहळू रुळली. पुण्याचा सीझन पावसाळ्यात असतो. तो चालू झाल्यावर माझा नवराच न सांगता बेलापूरहून पुस्तक घेऊन आला आणि तिच्या पुढ्यात ठेवून टीव्ही लावून बसला. जावयाने आणलंय म्हटल्यावर तिला संकोच वाटला, दोन दिवस तिने ते उघडलं नाही. मग उघडलं. आमच्या घरात ते टीपॉयवर उघडं पडलेलं असतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने बघितलं तर मला आनंदच होतो.

एका शनिवारी मी भेंडी चिरत होते आणि आई शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. भावाचा फोन आला. एवढ्या महिन्यांत चौथा-पाचवा असेल. आईने सवयीने स्पीकर लावला.

"आई, कशी आहेस? गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे. तू कसा आहेस? जेवलास?"

"जेवलो. पाऊस खूप आहे गं इकडे." थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "बरं, पुस्तक येतं ना तुझ्याकडे? उद्या पुण्याला काय आहे?"

माझं चिरणं थांबलं. मी फोन ओढून घ्यायला हात पुढे केला, आईने माझं मनगट धरलं. घट्ट. त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"काय म्हणालास?"

"एकच सांग. फक्त एक. ह्या वेळी तू सांगशील त्याच भावाला घेईन, शप्पथ."

"तुझ्या बापाच्या श्राद्धाला," आई म्हणाली, आणि तिचा आवाज रेसकोर्सवर ओरडली होती तसा, पोटातून यायला लागला, "तुझ्या बापाच्या श्राद्धाला घरभर माणसांसमोर मी तुझं लफडं माझ्या अंगावर घेतलं. कशासाठी घेतलं? तू शहाणा होशील म्हणून. आणि तू मला घोडा विचारतोस?"

"आई, अगं ऐक तर..."

"तूच ऐक. काकांना फोन कर. आत्याला कर. तुझ्या बायकोला समोर बसवून सांग. आई नको म्हणत होती आणि मी लावले, असं सगळ्यांना सांग. तोवर मला फोन करायचा नाही."

तिने फोन ठेवला. मला वाटलं आता रडेल. तर तिने चष्मा पुसला, पुन्हा फोन उचलला आणि स्वतःच काकांना लावला. स्पीकर ह्याही वेळी लावला.

"भावजी, मी बोलतेय. श्राद्धाच्या दिवशी मी खोटं बोलले. पोराला मी घोडा सांगितला नव्हता. मी नको म्हणाले होते. लावले त्याचे त्याने."

पलीकडे काका खाकरले. "म्हायती हाय वैनी. मला तवाच कळलं हुतं."

"तेव्हाच?"

"तुमची थोरली पोर खोटं बोलायची न्हाई. आन् त्याचं त्वांड बघूनच कळत हुतं की. समद्यास्नी कळलं हुतं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं? पोराचा संसार हाय. तुमचं काय वैनी, तुमी मोठ्या. तुमच्यावर कोन कायमचा राग धरतंय?"

काका पावसापाण्याचं विचारत राहिले, सोयाबीनचं सांगत राहिले. तिने तिकडे फोन चालू असतानाच तो टीपॉयवर पालथा ठेवला आणि उठून गॅलरीत गेली. खूप वेळ तिथे उभी होती. आत आली तेव्हा म्हणाली, "मला वाटत होतं, मी फसवलं त्यांना."

त्या दिवसापासून ती बदलली. 'असू दे' म्हणणं तिने जवळजवळ सोडलंच. आत्याचा फोन आला आणि तिने "अजून घोडे का" म्हणून हसून विचारलं, तर आई म्हणाली, "हो. आणि तुमच्या भाच्याला विचारा त्याचं काय ते." मी स्वयंपाकघरात होते. कढईत झारा तसाच धरून उभी राहिले.

भाऊबीजेला भाऊ आणि वहिनी आले. मिठाईचा मोठा बॉक्स, मला साडी. त्याने काकांना फोन केलेला नव्हता हे आम्हाला माहीत होतं. मी पाट मांडला, रांगोळी काढली, तबकात निरांजन लावलं. तो पाटावर बसला, डोक्यावर रुमाल टाकला. मी तबक घेऊन तशीच उभी राहिले.

"आधी सांग," मी म्हणाले.

"काय?"

"तुला माहीत आहे काय. वहिनी इथेच आहे."

"ताई, सणाच्या दिवशी असं काय करता?" वहिनी म्हणाली.

भावाने आईकडे बघितलं. एरवी ती मध्ये पडली असती. ती खुर्चीत सरळ बसून होती आणि त्याच्याकडे बघत होती. वरून एक विमान उतरायला लागलं, त्याचा आवाज जाईपर्यंत कुणाला बोलताच आलं नाही. मग तो रांगोळीकडे बघत हळूच म्हणाला, "आईने नव्हता सांगितला. ती नको म्हणाली होती. मी लावले."

मी वहिनीकडे वळले. वाटलं, आता ही ओरडेल, रडेल.

"मला माहितीये," वहिनी म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. आईंना काय मी ओळखत नाही? पण मला ह्यांच्याबरोबरच राहायचंय ना ताई. रोज. कुणावर तरी राग काढून मोकळं व्हायचं होतं."

तिने हे अगदी सरळ सांगितलं. तबक हातात जड झालं. ह्या मुलीचं सगळं सोनं गेलं होतं हे मला कळत होतं, आणि तरी तिच्या कानाखाली मारावी असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

आई उठली. तिने माझ्या हातातून तबक घेतलं आणि देवापुढे नेऊन ठेवलं.

"आज राहू दे ओवाळणं," ती भावाला म्हणाली. "घरात सांगितलंस ते झालं. काकांना, आत्याला सांगायचं राहिलंय. ते कर, मग ताई ओवाळेल. ऊठ, जेवून घे."

त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. तोंड एवढंसं झालं होतं. पण जेवला. बासुंदी दोनदा घेतली. माझा नवरा त्याच्याशी पुलाच्या टोलबद्दल काहीतरी बोलत होता आणि जेवणाच्या शेवटी तो हसलाही. मी वाढत होते, आग्रह कुणालाच करत नव्हते.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, "आणि नाही केला त्याने फोन तर?"

ती बासुंदीचं पातेलं निपटत होती. "तर पुढल्या भाऊबीजेलाही नाही," म्हणाली.

अजून त्याने केलेला नाही.